फुकटच्या गोळीची किंमत

रामटेकच्या एखाद्या औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट विकत घेणाऱ्या शिक्षिकेजवळ पाच लाखांची आरोग्यविमा पॉलिसी असली, तरी त्या पाकिटाचा एक पैसाही तिला बहुधा परत मिळणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळावयाच्या खर्चांची जी प्रमाणित कलमे ठरवून दिली, त्यांत वंध्यत्वावरील उपचारांच्या जोडीला गर्भनिरोधन व नसबंदी यांचाही समावेश आहे. मूल व्हावे म्हणून होणारा खर्च आणि होऊ नये म्हणून होणारा खर्च एकाच कलमात नाकारण्याची ही किमया खास कारकुनीच म्हटली पाहिजे!

अमेरिकेत याच्या उलट घडले. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यान्वये ऑगस्ट २०१२ पासून बहुतेक खासगी विमा योजनांना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गर्भनिरोधकांचा संपूर्ण खर्च उचलणे भाग पडले. गोळीसाठी स्त्रियांना पदरचे मोजावे लागणारे पैसे झपाट्याने घटले. आरंभी महाग, पण वर्षानुवर्षे टिकणारी तांबीसारखी साधनेही आवाक्यात आली.

आपल्याकडे त्याची गरजच काय, असे कोणी विचारील. सरकारी दवाखान्यांत ‘माला-एन’ फुकट मिळते. आठवड्याची ‘छाया’ आणि तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शनही मिळते. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदी करून घेतलेली आढळली. गोळी घेणाऱ्या मात्र अवघ्या ५.१ टक्के. फुकटच्या वस्तूलाही किंमत असते. देवलापारकडच्या जंगलपट्ट्यातील शेतमजूर स्त्रीला दवाखान्यापर्यंतचे बसभाडे आणि बुडालेला रोज सोसावाच लागतो. आशा कार्यकर्तीने साधने घरपोच द्यावीत, ही २०११ ची योजना म्हणूनच शहाणपणाची होती.

विम्याचे धोरण मात्र अजून खाटेभोवतीच घुटमळते आहे. आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयात दाखल होणाऱ्यांवर; गोळी घेण्यासाठी कोणी दाखल होत नाही. बुडालेली मजुरी विमा भरून देऊ शकतो, हे कामगार राज्य विमा योजनेने कधीच मान्य केले आहे. तेथे नसबंदीसाठी पुरुषाला ७ व स्त्रीला १४ दिवसांची पूर्ण वेतनाइतकी भरपाई मिळते. पण दोन मुलांत अंतर राखू पाहणाऱ्या कामगार स्त्रीचा तांबी बसविण्यात गेलेला एक दिवस त्या हिशेबात धरला जात नाही.