झाकलेली बोली, झाकोळलेली भाषा

इंग्लंडमधील नाटकमंडळ्या, जत्रेतले खेळवाले, व्यापारी जहाजांवरील खलाशी आणि समलिंगी पुरुष यांच्यात विसाव्या शतकात 'पोलारी' नावाची गुप्तबोली रूढ होती. तिचे नावच 'बोलणे' या अर्थाच्या इटालियन 'पार्लारे' या क्रियापदावरून आलेले असून 'बोना' म्हणजे चांगले आणि 'ओमी' म्हणजे पुरुष हे शब्दही त्याच वळणाचे आहेत, तर केसांना 'राया' म्हणताना इंग्रजी 'हेअर'ची अक्षरे फक्त उलटी लावलेली आहेत. पुरुषांमधील समलिंगी संबंध तेथे १९६७ पर्यंत सरसकट गुन्हा असल्याने चारचौघांत निर्धास्तपणे बोलण्यासाठी हा आडपडदा लागत असे.

आपल्याकडे या पोलारीची सख्खी बहीण म्हणजे हिजडा समाजाची 'फारसी'. इराणच्या फारसीशी तिचा फारसा संबंध नाही. वाक्यरचना हिंदुस्थानीची आणि मोक्याचे शब्द तेवढे स्वतःचे, अशी तिची घडण आहे. 'चीसा' म्हणजे सुंदर, 'पंथी' म्हणजे पुरुषी जोडीदार, तर 'निर्वाण' या जुन्या धार्मिक शब्दाला येथे लिंगच्छेदाच्या विधीचा अर्थ आलेला आहे. यांपैकी 'पंथी' आणि बायकी वळणाच्या पुरुषासाठीचा 'कोती' हे शब्द पुढे एड्स नियंत्रणाच्या सरकारी कागदपत्रांत शिरले आणि त्यांचे गुपितपण तेथेच संपले.

या दोन्ही बोलींत निदान शब्द तरी असतात; गोंधळ्यांच्या करपल्लवीत मात्र शब्दच नसतात. या सांकेतिक हस्तभाषेच्या परंपरागत रीतीनुसार सापाच्या फण्याची खूण स्वरांसाठी, कमळाची क-वर्गासाठी आणि चक्राची च-वर्गासाठी केली जाते, मग बोटांनी त्या वर्गातील अक्षराचा क्रमांक आणि चुटकीने मात्रा दाखवतात; म्हणजे कमळ करून तीन बोटे उभी केली की 'ग' झाला. प्रेक्षकाने एका गोंधळ्याच्या कानात सांगितलेले नाव दुसरा दुरून बिनचूक उच्चारतो, ते या हिशेबावर.

मात्र बाहेरच्याला न कळणारी प्रत्येक बोली गुप्तबोली नसते, आणि हा भेद न केल्याने सर्वाधिक अन्याय झाला तो कैकाड्यांसारख्या भटक्या जमातींवर. टोपल्या-कणग्या विणून गावोगाव हिंडणाऱ्या या समाजाची भाषा द्राविड कुळातील, तमिळला जवळची; ती चोरांनी रचलेली सांकेतिक बोली नसून आईकडून मुलाकडे आलेली पूर्ण भाषा आहे. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू केली, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि त्या नजरेला पालावरचे न समजणारे बोलणे संशयास्पद वाटणे क्रमप्राप्तच होते. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातून आलेल्या लक्ष्मण माने यांनी 'उपरा' (१९८०) या आत्मकथनात कैकाडी बोलणे उघडपणे छापील पानावर आणले आणि १९८१ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.