मेळघाटातली ताटली कुठे पाहील?

परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट लागला की मोबाइलची रेंज येते-जाते. मोबाइलच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात आणि इथे गाविलगडच्या रांगा आडव्या येतात. 2016 मध्ये इथल्या हरिसालची डिजिटल गाव म्हणून निवड झाली, तेव्हा टीव्ही वाहिन्यांमधल्या रिकाम्या लहरींवरून तिथे इंटरनेट देण्याचा प्रयोग झाला. त्यालाही जमिनीवरचा मनोरा लागतोच. उपग्रहाला डोंगर सहसा आडवा येत नाही, कारण उपग्रह डोक्यावर असतो.

पण कोणता उपग्रह? इस्रोचा जीसॅट-11 विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला स्थिर दिसतो. धारणीहून तो दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण 65 अंश वर येतो. दरीतल्या गावालाही दक्षिणेकडे एवढी एक फट मोकळी असली की पुरे. अडचण अंतराची. आपली मागणी वर जाऊन भूस्थानकावर उतरते, उत्तर त्याच वाटेने परततं. या 1,44,000 किलोमीटरला प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद लागतो. शाळेला धडा उतरवून घ्यायला ते चालतं. डॉक्टरांशी समोरासमोर बोलताना मात्र अडखळायला होतं.

स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर असल्याने हा विलंब जाणवेनासा होतो. मात्र एकेक उपग्रह काही मिनिटांत नजरेआड होतो. म्हणून ताटलीतले, म्हणजे चपट्या अँटेनातले, शेकडो सूक्ष्म घटक आपापली लहर किंचित मागेपुढे सोडतात. त्या लहरी एकाच दिशेला जोर धरतात आणि अँटेना जागची न हलता झोत उपग्रहामागे वळतो. त्यासाठी आकाशाचा मोठा भाग मोकळा हवा. मेळघाटात अडतं ते इथेच. पावसाळ्यात साग रुंद पानांनी भरतो आणि ओलं पान या लहरी शोषून घेतं. मुसळधार पाऊसही त्यांना क्षीण करतो. शिवाय वीज गेली की वरचा उपग्रह असून नसल्यासारखा.

नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवसोबत आपल्या वाशिमचं नाव आहे. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांचाही त्यात विचार व्हावा. आणि पहिली ताटली प्राथमिक आरोग्य केंद्राच्या छतावर, सौर पॅनेल व बॅटरीसह बसवावी.