पोपटाच्या पिलाचे उष्टावण

घरातल्या मुलाच्या उष्टावणाला चांदीच्या वाटीतील खिरीचे बोट त्याच्या ओठाला लावतात. त्या दिवसापासून मूल दूध सोडील, अशी अपेक्षा मात्र कोणी करीत नाही. पुढे कित्येक महिने दूध आणि मऊ भात ही जोडीने चालतात. इतकी साधी गोष्ट पाखराच्या पिलाच्या बाबतीत आपण विसरतो. हाताने भरवून वाढविलेल्या पोपटाच्या पिलास दाणा खावयास लावायचे तर भरवणे एकदम बंद करावे, भूक त्याला आपोआप शिकवील, असा सल्ला पक्षी विकणारे बिनदिक्कत देतात. या सल्ल्यापायी धडधाकट पिले घरोघरी दगावतात, आणि दोष मात्र 'पिलूच अशक्त होते' म्हणून त्या मुक्या जीवावर जातो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पोपट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गळ्यात कंठी असलेला हिरवा राघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडणे, विकणे अथवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा झाडाच्या ढोलीतून राघूचे पिलू काढून आणू नये, कोणी आणून दिले तरी घेऊ नये. वादळाने पडलेले पिलू सापडलेच, तर वन खात्याच्या कचेरीत कळवावे. आज मी बोलणार आहे ते कॉकटीलविषयी. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली असलेला हा लहानसा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे त्याची पैदास पिंजऱ्यातच होते व त्यास ही बंदी लागू नाही.

कॉकटीलच्या घरी संसार दोघे मिळून करतात. दिवसा बहुधा नर अंड्यांवर बसतो, रात्री मादी. सुमारे तीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात, तेव्हा ती आंधळी असतात. आईबाप आपल्या गळ्याखालच्या पिशवीत मऊ झालेले अन्न पुन्हा वर आणून पिलाच्या चोचीत सोडतात. महिना-सव्वा महिन्याने पिलू घरट्याबाहेर झेप घेते. परंतु घरटे सुटले म्हणून भरवणे सुटत नाही. त्यानंतरही कित्येक दिवस, विशेषतः बाप, त्याला भरवीतच असतो. पिलू त्याच्या मागे मागे जमिनीवर उतरते, तो काय टिपतो ते पाहते, तेच टिपून पाहते, टाकून देते, पुन्हा उचलते. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत, कधी त्याहूनही पुढे, हे शिक्षण चालते.

हाताने वाढविलेल्या पिलास हा गुरू नसतो. चोचीने कुरतडण्याची ओढ त्याच्यात उपजत असते, पण दाण्याचे टरफल जीभ आणि चोच यांच्यामध्ये फिरवून काढावयाचे व आतला गर गिळावयाचा, हे कसब सरावानेच येते. मूल प्रथम पाटी मिळाली की तिच्यावर अक्षर काढीत नाही, रेघोट्या ओढते. पिलूही प्रथम दाण्याशी खेळते. त्या खेळाला आपण जेवण समजलो, म्हणजे घात झाला.

हा घात कसा होतो ते प्रत्यक्ष पाहिलेल्या एका गोष्टीवरून सांगतो. आमच्या शाळेतील आठवीच्या एका मुलीने बाजारातून कॉकटीलचे पिलू विकत आणले. 'दाणा खायला लागले आहे' असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. चार दिवसांनी पिलू पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागले आणि अखंड कुईकुई करू लागले. घरचे म्हणत, 'वाटीत दाणे तसेच आहेत, म्हणजे भूक नसेल.' मुलीची आजी म्हणाली, 'बाहेर टरफले पडली आहेत, म्हणजे खाते आहे.' दोघांचीही समजूत चुकीची होती. वाटीवर फुंकर मारताच निम्मी वाटी उडाली. ती नुसती टरफले होती. पिंजऱ्याच्या तळाशी फोडून टाकलेले दाणे होते, पण पोटात फारसे काहीच गेले नव्हते. विष्ठा अगदी थोडी व गडद हिरवी होती. पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे ऊन पातळ खाद्य पुन्हा सुरू झाले आणि तीन आठवड्यांनी ते पिलू खऱ्या अर्थाने खाऊ लागले.

म्हणून वाटीची साक्ष मानू नये. साक्ष मानावी ती काट्याची. एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा स्वयंपाकघरातील साधा काटा पुरतो. रोज सकाळी, पहिले भरवणे होण्यापूर्वी, पिलाचे वजन करावे आणि वहीत लिहावे. पूर्ण वाढलेला कॉकटील साधारण ८० ते १०० ग्रॅम भरतो. उडावयास लागण्याच्या सुमारास पिलाचे वजन थोडे उतरते, ते नैसर्गिक आहे. त्या दिवसांत ते पिचकारी पाहून तोंडही फिरविते. परंतु सर्वांत अधिक भरलेल्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक घट झाली, म्हणजे ९० ग्रॅमचे पिलू ८१ च्या खाली गेले, तर कमी केलेले भरवणे ताबडतोब पुन्हा चालू करावे. दुसरी साक्ष संध्याकाळची. झोपण्याच्या वेळी गळ्याखालची पिशवी बोटाने हलकेच चाचपावी. आत मऊसर दाणेदार काही लागले तर पिलू जेवले आहे. पिशवी रिकामी व सपाट लागली, तर त्याला उपाशी निजवू नये. उपवास ज्याचा त्याने, समजून उमजून धरावयाचा असतो. आम्ही ख्रिस्ती लोकही लेंटमध्ये तान्ह्या मुलांना त्यातून वगळतोच.

भरवणे कमी कसे करावे? चौथ्या आठवड्यात पिलू दिवसातून चार वेळा खात असेल, तर पाचव्या-सहाव्यात दुपारची वेळ प्रथम गळते, कारण दिवसा ते स्वतः काही ना काही कुरतडीत असते. मग सकाळची पाळी. रात्रीचे भरवणे सर्वांत शेवटी सुटते आणि ते पिलाने सोडावे, आपण नव्हे. तारखा कोणी ठरवून देऊ नयेत. एकाच घरट्यातल्या दोन भावंडांत आठवड्या-दोन आठवड्यांचे अंतर पडते.

जोवर भरवावयाचे आहे तोवर खाद्याचे ऊनपण सांभाळलेच पाहिजे. पिलांसाठी मिळणारे तयार पीठ पाण्यात कालवून ते ३९ ते ४० अंश सेल्सियस असतानाच द्यावे. त्याहून फार ऊन असेल तर पिशवी आतून भाजते आणि ते दोन-तीन दिवस उघडकीसही येत नाही. गार दिले तर पिशवीतले अन्न पुढे सरकत नाही, तेथेच आंबते. बोटाच्या अंदाजावर न जाता तापमापक वापरावा. पिलू ओढून घेईल त्याच वेगाने पिचकारी दाबावी; जबरदस्तीने दाबली तर अन्न श्वासनळीत जाते, आणि मग फारसा उपाय उरत नाही. ज्याने हे कधी केलेले नाही त्याने न सुटलेले पिलू स्वस्त मिळते म्हणून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ताटात काय वाढावे? पहिला मान राळ्याच्या कणसाचा. अख्खे कणीस पिंजऱ्याच्या तळाशी ठेवावे व एक वर टांगावे, कारण पिलू आधी जमिनीवर टिपावयास शिकते. दाणा बारीक, टरफल पातळ, त्यामुळे चोचीला लवकर यश येते. सोबत उकडलेल्या मक्याचे दाणे, मोड आलेले मूग, किसलेले गाजर, मेथीची किंवा कोथिंबिरीची धुतलेली पाने द्यावी. वाटी खोल नसावी, बशीच बरी. पाणीही उथळ भांड्यात ठेवावे. आपल्या समुद्रकाठच्या दमट हवेत ओले अन्न लवकर नासते, म्हणून दोन तासांनी ते काढून टाकावे. दूधपोळी आणि दूधभात हे आपल्याकडचे लाडाचे खाणे. परंतु पक्ष्याला दुधातील साखर पचत नाही. चहा, चॉकलेट, कांदा व खारवलेले पदार्थही वर्ज्य. मिरचीविषयी मात्र श्रोत्यांनी निश्चिंत असावे. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, त्यामुळे पोपटाने मिरची खाल्ली यात शौर्य काही नाही.

शक्य असल्यास पिंजऱ्याशेजारी खाणारा एखादा मोठा, निरोगी पक्षी दिसेल असे करावे. तो नसेल तर आपणच बशीजवळ बसून बोटाने दाणे टकटक वाजवावे. पिलू चटकन पाहावयास येते. घरातले लहान मूल हे काम आनंदाने करते.

पिलू पूर्णपणे सुटले असे वाटल्यावरही महिनाभर वजनाची वही चालू ठेवावी. घर बदलले, प्रवास घडला, जोडीदार पक्षी गेला, तर सुटलेले पिलूही पुन्हा मान हलवून भरवणे मागू लागते. तो हट्ट नव्हे. अशा वेळी चार-पाच रात्री ऊन खाद्याचे दोन घास चमच्याने द्यावे व राळ्याचे कणीस जवळच टांगलेले असू द्यावे.