डावीकडचे बोल्ट उलटे फिरतात

रविवारची सकाळ. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड. आणि रस्त्याच्या कडेला आमची जवळजवळ सोळा फूट लांब डॉज किंग्जवे, डावं मागचं चाक बसलेलं. बाबा घामाघूम. मी मोबाइलवर टाइमपास करत उभी. गोवंडीत राहणाऱ्या माणसाने विंटेज गाडी घेऊन फिरायला निघणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. पाच मिनिटांत पंचवीस माणसं जमली आणि पंचवीस जणांनी एकच प्रश्न विचारला, "कितना देती है?"

पंक्चरवाल्या पोराने पान्हा लावला. बोल्ट ढिम्म. तो पान्ह्यावर उभा राहिला, वर दोन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला 'कडाक' असा आवाज आला. बोल्टचं डोकं पान्ह्यात आणि बोल्ट आतच! तेवढ्यात समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेले एक चाचा ग्लास तसाच टाकून धावत आले. "अबे उल्टा घुमा, उल्टा! क्रायस्लर है ये. लेफ्ट साइड का उल्टा खुलता है!"

आणि खरंच, उरलेले बोल्ट उलटे फिरवल्यावर लोण्यासारखे निघाले.

आमच्या घरात ही गाडी पन्नासएक वर्षं आहे. पण तिच्याबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही, हे मला त्या टपरीसमोर कळलं. डॉज ही क्रायस्लर कॉर्पोरेशनची गाडी. धावताना चाकाचे बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही कंपनी डाव्या बाजूच्या बोल्टना उलटे आटे पाडायची आणि त्यावर 'एल' अक्षर ठोकायची. १९७० च्या सुमारापर्यंत हा हट्ट चालू होता. जगभरातल्या क्रायस्लर, डॉज, प्लिमथवाल्यांनी आयुष्यात एकदा तरी हा बोल्ट तोडलेला असतो. आमचा नंबर त्या रविवारी लागला, एवढंच.

पगारापेक्षा गाडी मोठी

तुम्हीआम्ही ईएमआयवर गाडी घेतो आणि घरचे म्हणतात, झेपणार आहे का? वॉल्टर क्रायस्लरची गोष्ट अशा वेळी त्यांना ऐकवायला हरकत नाही. हा रेल्वेच्या वर्कशॉपमधला माणूस. १९०८ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात त्याला लोकोमोबिल नावाची गाडी दिसली आणि तो जागीच खलास. किंमत ५,००० डॉलर. गाठीशी होते ७००. उरलेले ४,३०० त्याने कर्ज काढून उभे केले. आणि गाडी घरी आल्यावर काय केलं? चालवली नाही! सगळी खोलली. जोडली. पुन्हा खोलली. गाडी कशी चालते हे पुरतं कळल्यावरच तो स्टिअरिंगवर बसला.

पुढे ब्यूकचा कारखाना सांभाळून, जनरल मोटर्समधून बाहेर पडून त्याने १९२४ मध्ये 'क्रायस्लर सिक्स' आणली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली ही गाडी त्या काळात मध्यम किमतीत मिळते यावर लोकांचा विश्वास बसेना. ६ जून १९२५ ला क्रायस्लर कॉर्पोरेशनची स्थापना झाली. १९२८ च्या एकाच वर्षात त्याने प्लिमथ आणि डिसोटो हे नवे ब्रँड काढले आणि डॉज ब्रदर्स ही आख्खी कंपनी विकत घेतली. वर श्रीमंतांसाठी इम्पीरियल होतीच. १९३० मध्ये न्यूयॉर्कला क्रायस्लर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा ती जगातली सर्वांत उंच इमारत होती.

आणखी एक किस्सा मला फार आवडतो. क्रायस्लरनंतर कंपनी चालवणारे के. टी. केलर यांचा आग्रह असा की माणसाला डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. म्हणून १९४० च्या दशकातल्या नि पन्नाशीच्या सुरुवातीच्या क्रायस्लरच्या गाड्यांचं छप्पर उंच असतं. प्रतिस्पर्धी गाड्या बुटक्या आणि लांब होत चालल्या होत्या, तेव्हा या गाड्या आपल्या उभ्याच! अमेरिकेत लोक त्यांना जुनाट म्हणाले. आमच्या आजोबांनी मात्र उभ्या आयुष्यात काळी टोपी न काढता ती गाडी चालवली.

कुर्ल्यातली डेट्रॉइट

आता मुद्द्यावर येऊ. ही अमेरिकन गाडी गोवंडीत आली कुठून? बोटीने आली असं मी लहानपणी मैत्रिणींना सांगायचे. खरं म्हणजे ती आली कुर्ल्याहून. हार्बर लाइनने मोजलं तर तीन स्टेशनं!

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना स्वतंत्र देशाला तीन गोष्टी हव्यात असं वाटायचं. आपलं जहाज, आपलं विमान आणि आपली मोटार. मोटारीसाठी त्यांनी अमेरिका गाठली आणि १९४० मध्ये क्रायस्लरशी करार केला. पण महायुद्ध सुरू होतं, आणि इथे मोटारी बनाव्यात अशी तेव्हाच्या सरकारची काही इच्छा नव्हती. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. सोबत डॉज आणि फार्गोचे ट्रक.

यात एक गंमत आहे. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही मुळात एकच गाडी. आतून सगळी प्लिमथ. पुढची जाळी, बिल्ले आणि थोडं क्रोम बदललं की नाव वेगळं. 'आमची डिसोटो तुमच्या डॉजपेक्षा भारी' असं म्हणत किती शेठलोकांनी एकमेकांकडे तिरकं पाहिलं असेल, कल्पना करा!

अमेरिकेत ही रोजच्या वापरातली गाडी. मुंबईत मात्र ती लक्झरी होती. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता. तिथून शेवरोले आणि ब्यूक बाहेर पडायच्या. पण १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सांगितलं, नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या नाहीत, इथे बनवायचा कार्यक्रम दाखवा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, कारण तिने बनवायची तयारी ठेवली. पण तिचाही कल एव्हाना छोट्या गाडीकडे झुकला होता. फियाट ११०० आली, तिचीच पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे 'फियाट' हे समीकरण तयार झालं. ती शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली तेव्हा आख्खी मुंबई हळहळली. त्याच कारखान्यातून निघालेल्या मोठ्या अमेरिकन बहिणीची मात्र कुणाला आठवण झाली नाही.

२००९ मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत गेली तेव्हा तिला हात दिला कुणी? फियाटने! २०१४ मध्ये ती पूर्णपणे फियाटची झाली आणि २०२१ मध्ये दोघी मिळून स्टेलांटिस नावाच्या मोठ्या कुटुंबात गेल्या. म्हणजे डेट्रॉइट आणि तुरिनने जो संसार एकविसाव्या शतकात थाटला, तो कुर्ल्यात १९५० च्या दशकातच मांडून झाला होता. आणि त्याच कुटुंबातली जीप आज पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात बनते. वर्तुळ पूर्ण, तेही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात!

बनवली, पण बसले नाहीत

माझे आजोबा कुर्ल्याच्या त्या कारखान्यात फिटर होते. पहाटेची मानखुर्द लोकल उलट्या दिशेने पकडायची, हातात डबा, डोक्यावर टोपी. दिवसभर किंग्जवेची दारं बसवायची. दार लोटल्यावर 'धप्प' असा एकच आवाज आला पाहिजे, 'खडखड' आली की पुन्हा काढायचं. अशी शेकडो दारं त्यांनी लावली, पण त्यातल्या एकाही दारातून आत जाऊन ते सीटवर टेकले नाहीत. ती गाडी शेठची, डॉक्टरची, फिल्मवाल्याची.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. लिटरला सहा-सात किलोमीटर देणारी गाडी पोसणं शेठलोकांनाही जड झालं. मोठ्या अमेरिकन गाड्या मुंबईत भंगाराच्या भावात निघाल्या. आजोबांनी त्या वेळी माझगावच्या एका घरातून १९५४ ची किंग्जवे उचलली. आजीच्या दोन पाटल्या गेल्या. आजीने त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला. बाबा सांगतात, गाडी दारात आल्यावर आजोबांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मागचं दार उघडून लोटलं. धप्प. "आपलंच आहे," म्हणाले. "कुर्ल्याचं."

पण पेट्रोल कोण घालणार? म्हणून त्यांनी मूळ सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं इंजिन उतरवलं आणि जुनं डिझेल बसवलं. तेव्हा सगळेच बसवायचे. मग ही गाडी आमच्या भागातल्या लग्नांना जायला लागली. देवनार, चेंबूर, मानखुर्दमधली निदान शे-दीडशे जोडपी तिच्यातून घरी गेली असतील. झेंडूच्या माळा, मागे 'धडधडधड'. आजीच्या पाटल्या चार वर्षांत परत आल्या. मूळ इंजिन मात्र आजोबांनी विकलं नाही. ताडपत्रीत गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. "लागेल कधीतरी," एवढंच म्हणायचे.

दिवाळीपर्यंतची मुदत

ते 'कधीतरी' आता आलंय. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. शेड पाडणार. नव्या टॉवरमध्ये पार्किंग मिळेल, पण यांत्रिक. त्यात सोळा फुटांची आजीबाई मावणं शक्य नाही. बाबांनी निकाल दिला, "दिवाळीपर्यंत काय ते ठरव. नाहीतर भंगारवाल्याला फोन लावतो." बाबा दुष्ट नाहीत हो. ज्या गाडीने त्यांच्या प्रत्येक रविवारी त्यांना गॅरेजमध्ये झोपवलं, तिचा त्यांना कंटाळा आलाय.

मी केंद्र सरकारचे २०२१ चे विंटेज गाड्यांचे नियम वाचून काढले आणि तिथेच पहिली मेख सापडली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे. ती आहे. पण चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ पाहिजे. आणि आमच्या आरसी बुकावर इंधन म्हणून स्वच्छ अक्षरांत लिहिलंय, डिझेल!

म्हणजे ज्या इंजिनाने ही गाडी जगवली, ते तिच्यात आहे तोवर तिला विंटेज म्हणता येणार नाही.

मी टपरीवरच्या त्या चाचांना शोधून काढलं. त्यांचं वय सत्तरीपुढे. शिवाजीनगरमध्ये जुन्या गाड्यांचं काम करणारे ते आता बहुतेक एकटेच. ताडपत्री काढली. इंजिन जाम. चाचांनी सहाही प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि म्हणाले, "हफ्ता भर हाथ मत लगाना." रोज ऑफिस सुटल्यावर बीकेसीहून मी थेट शेडमध्ये. आठव्या दिवशी त्यांनी पुलीला पान्हा लावून हळूच जोर दिला आणि इंजिन बोटभर हललं. सांगते, प्रमोशनच्या मेललाही मी एवढी ओरडले नव्हते.

पुढचे तीन महिने म्हणजे शोधाशोध. ही गाडी सहा व्होल्टवर चालते, आणि बॅटरीचा प्लस बॉडीला जोडायचा. आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. बोल्ट उलटे, अर्थिंग उलटं, आणि गिअर पायाशी नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला! रिंगा कुर्ल्याला मिळाल्या, गॅस्केट चाचांनी स्वतः कापलं, बॅटरी सांगून बनवून घेतली. यंदाचा माझा परदेशातला हॉलिडे यातच खर्च झाला. मित्र म्हणतात, एवढ्या पैशात नव्या गाडीचं डाउनपेमेंट झालं असतं. झालं असतं. पण नव्या गाडीचं दार माझ्या आजोबांनी बसवलेलं नसतं.

नवरात्रात इंजिन गाडीत गेलं. चाचांनी कार्ब्युरेटरवर पेट्रोलचे चार थेंब टाकले. पहिल्यांदा नुसता ढेकर. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा ते लागलं, आणि शेडमध्ये मी आजवर कधी न ऐकलेला आवाज भरला. धडधड नाही. मऊ, एकसंध गुरगुर. बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. मागचं दार उघडून आत बसले आणि दार ओढून घेतलं.

धप्प.

"भंगारवाल्याला फोन करू नकोस," म्हणाले. "आणि त्या नंबराचं काय ते बघ." इंजिन आणि इंधन बदलल्याची नोंद करून घेण्यासाठी कागद आरटीओत गेलेत. विंटेजचा अर्ज त्यानंतर. गाडी सध्या मामाच्या पनवेलच्या वाडीत आहे. नंबर मिळाला की तिचा पहिला फेरफटका ठरलाय. कुर्ल्याला प्रीमियर रोड. जिथे कारखाना होता तिथे आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. पाच मिनिटं थांबू आणि परत येऊ.

तुमच्याही शेडमध्ये एखादी आजीबाई आहे?

• वय पन्नास वर्षांपेक्षा जास्त आणि चॅसी, बॉडी, इंजिन मूळ असेल, तरच विंटेज नोंदणीचा विचार करा.

• पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. त्यानंतर पुन्हा नोंदणीला ५,०००. नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

• अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठी बाहेर काढता येते.

• उतरवलेला एकही मूळ पार्ट फेकू नका. ताडपत्री स्वस्त असते.

• आणि हो, क्रायस्लरवाली असेल तर डावीकडचे बोल्ट उलटे फिरवा!