कॅल्क्युलेटर बरोबर, तरी हिशोब चुकतो कसा? काटा, सातबारा अन् फवारणीचं गणित समजून घ्या

सोयाबीनची सुगी आली की मार्केट यार्डात प्रत्येक अडत दुकानात एकच आवाज असतो, कॅल्क्युलेटरच्या बटनांचा. काट्यावरून वजनाची चिठ्ठी येते, दिवाणजी पाच-सहा बटनं दाबतो, आकडा पट्टीवर उतरतो आणि शेतकरी सही करून पैसे घेतो. मशीननं काढलेला हिशोब म्हटल्यावर परत कोण मोजणार?

मशीन चुकत नाही, हे खरं. पण मशीनला क्विंटल कळत नाही, एकर कळत नाही, तास-मिनिट कळत नाही. तिला फक्त आकडा आणि टिंब कळतं. टिंब कुठं द्यायचं हे माणसानं ठरवायचं असतं, आणि शेतकऱ्याचे पैसे जातात ते नेमके तिथंच. त्यात फसवणूकच असते असं नाही. बऱ्याच वेळा देणारा आणि घेणारा दोघंही प्रामाणिक असतात, फक्त आकडा चुकीचा टाकला जातो.

वजनाचं टिंब

समजा माल भरला १३ क्विंटल ५० किलो आणि भाव लागला ४,३५० रुपये क्विंटल. कॅल्क्युलेटरवर १३.५० × ४३५० केलं की ५८,७२५ रुपये येतात. हे बरोबर.

आता माल १३ क्विंटल ५ किलो असेल तर? इथं १३.५ टाकलं तर चूक. मशीनच्या लेखी १३.५ आणि १३.५० एकच, म्हणजे साडेतेरा क्विंटल. ५ किलो म्हणजे क्विंटलच्या शंभर भागांतले पाच भाग, म्हणून टाकायचं १३.०५. उत्तर येतं ५६,७६७ रुपये ५० पैसे. एका शून्याचा फरक झाला १,९५७ रुपये ५० पैसे. हा फरक कधी शेतकऱ्याच्या अंगावर येतो, कधी व्यापाऱ्याच्या. चिठ्ठीवर घाईत लिहिलेलं "१३.५" हे ५० किलो की ५ किलो, हे तिथंच विचारून घ्यावं.

याच्यावर सोपा उपाय आहे. टिंबाच्या नादी लागायचंच नाही. सगळं वजन किलोत टाकायचं. १३ क्विंटल ५ किलो म्हणजे १३०५ किलो. मग १३०५ × ४३५० ÷ १००. उत्तर तेच येतं आणि चूक व्हायला जागाच राहत नाही.

जमिनीचं टिंब सगळ्यात महाग

क्विंटलमध्ये १०० किलो असतात, म्हणून तिथं टिंब निदान जुळतं तरी. एकरात मात्र ४० गुंठे असतात. गावात २ एकर २० गुंठे रान सर्रास "२.२०" असं लिहितात. कागदावर ते चालतं, सगळ्यांना समजतं. पण तेच कॅल्क्युलेटरवर टाकलं की मशीन त्याला २ एकर आणि एकराचा पाचवा भाग समजते, म्हणजे २ एकर ८ गुंठे. १२ गुंठे गायब!

रोटाव्हेटरचा दर एकरी १,४०० रुपये धरला तर २.२० नं ३,०८० रुपये होतात, खरे होतात ३,५००. ट्रॅक्टरवाल्याचे ४२० रुपये गेले. हाच प्रकार जमिनीच्या व्यवहारात झाला तर? एकरी १० लाख रुपये भाव धरला तर २.२० नं २२ लाख, आणि खरे २५ लाख. एका टिंबापायी ३ लाख.

बरोबर रीत अशी: गुंठ्यांना ४० नं भागायचं. २० ÷ ४० = ०.५, म्हणून रान २.५ एकर. किंवा सगळे गुंठे करायचे. २ × ४० + २० = १०० गुंठे, त्याला दरानं गुणायचं आणि ४० नं भागायचं.

सातबाऱ्यावरचा आकडा

गावात बोलणं एकर-गुंठ्यात, पण सातबारा असतो हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावर १.०५.५० असं दोन टिंबांचं क्षेत्र असलं तर त्याचा अर्थ १ हेक्टर ५ आर ५० चौरस मीटर. कॅल्क्युलेटर दुसरं टिंब घेत नाही. म्हणून पहिलं टिंब ठेवायचं आणि दुसरं काढून टाकायचं: १.०५५० हेक्टर.

हेक्टरचे एकर करायला २.४७१ नं गुणायचं. समजा क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे:

- १.२० × २.४७१ = २.९६५२. म्हणजे पुरते एकर २.
- त्यातून २ वजा केले की राहतात ०.९६५२.
- ०.९६५२ × ४० = ३८.६. म्हणजे ३८ गुंठे आणि वर अर्ध्या गुंठ्यापेक्षा थोडं जास्त.

रान झालं २ एकर साडेअडतीस गुंठ्यांच्या वर. "२.९६ म्हणजे २ एकर ९६ गुंठे" असं वाचायचं नाही, कारण एकरात ९६ गुंठे नसतातच.

आर आणि गुंठा एकच, असं बरेच जण धरून चालतात. दोन्ही जवळजवळ सारखे आहेत, पण एक नाहीत. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. आर पुरता १०० चौरस मीटर. बोलताना चालतं, खरेदीखताच्या वेळी चालत नाही.

तासाचं टिंब

जेसीबी, मळणी यंत्र, विकतचं पाणी, सगळं तासावर. जेसीबी २ तास ४० मिनिटं चालला आणि दर ताशी १,२०० रुपये असला, तर २.४० × १२०० = २,८८० रुपये ही चूक. तासात ६० मिनिटं असतात, १०० नव्हे. २ तास ४० मिनिटं म्हणजे १६० मिनिटं. १६० × १२०० ÷ ६० = ३,२०० रुपये.

पावकी-निमकी पाठ केलेल्या जुन्या माणसांना हे तोंडी यायचं. नव्या पिढीनं निदान एवढं लक्षात ठेवावं: सव्वा म्हणजे वर .२५, साडे म्हणजे वर .५०, आणि पावणे म्हणजे त्या आकड्यातून .२५ कमी. सव्वादोन २.२५, अडीच २.५०, पावणेतीन २.७५.

फवारणीत टिंब विसरलं तर पीक जातं

औषधाचं प्रमाण बऱ्याच वेळा लिटरला ०.३ मिली असं असतं. पाठीवरचा पंप १५ लिटरचा असेल तर ०.३ × १५ = ४.५ मिली. टिंब दाबायचं राहिलं तर ३ × १५ = ४५ मिली येतात, म्हणजे दहापट औषध. पीक जळायला एवढं पुरे. अशा औषधाला झाकणाचा अंदाज चालत नाही, मापक घेऊनच मोजावं.

लेबलवर प्रमाण हेक्टरी दिलेलं असेल तर एकरासाठी २.४७१ नं भागायचं. समजा हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लिटर पाण्यात सांगितलंय. एकराला ५०० ÷ २.४७१ = २०२ मिली औषध आणि तेवढंच लिटर पाणी. २०२ ÷ १५ = साधारण साडेतेरा पंप, आणि प्रत्येक पंपाला १५ मिली.

खताचंही तसंच. समजा शिफारस हेक्टरी ५० किलो नत्राची आहे. युरियात नत्र ४६ टक्के असतं. म्हणून ५० × १०० ÷ ४६ = १०८.७ किलो युरिया, तो हेक्टरी. त्याला २.४७१ नं भागलं की एकरी ४४ किलो. म्हणजे ४५ किलोची एक गोणी. हेक्टरीचा आकडा तसाच एकराला वापरला तर जवळपास अडीच गोण्या पडतील. पैसेही गेले आणि पीकही नुसतं माजलं.

साधा कॅल्क्युलेटर आणि मोबाईल, दोघांची रीत वेगळी

चार बायकांना ३०० रुपये आणि दोन गड्यांना ५०० रुपये हजेरी. मोबाईलवर ४ × ३०० + २ × ५०० एका ओळीत टाकलं तर २,२०० येतात, कारण मोबाईल आधी गुणाकार करतो आणि मग बेरीज. साधा छोटा कॅल्क्युलेटर तसं करत नाही. तो बटन दाबाल तसं पुढं जातो. १,२०० मध्ये २ मिळवतो, १,२०२ ला ५०० नं गुणतो आणि ६ लाख १ हजार दाखवतो. एवढा मोठा आकडा डोळ्यात भरतो, पण लहान हिशोबात अशी चूक खपून जाते.

यासाठीच साध्या कॅल्क्युलेटरवर एम प्लस, एम मायनस ही बटनं असतात. पट्टी तपासायची रीत अशी:

- आधी एमआरसी बटन दोनदा दाबून जुनी साठवण पुसावी. काही मशीनवर त्यासाठी एमसी हे वेगळं बटन असतं. पडद्याच्या कडेला बारीक इंग्रजी "एम" दिसत असेल तर आत जुना आकडा आहे असं समजावं.
- पहिला लॉट: १३.५० × ४३५०, मग एम प्लस. (५८,७२५)
- दुसरा लॉट: ४.०५ × ४२००, मग एम प्लस. (१७,०१०)
- हमाली-तोलाई मिळून ३६ कट्टे × ९ रुपये, मग एम मायनस. (३२४)
- गाडीभाडं १५००, मग एम मायनस.
- शेवटी एमआरसी एकदा दाबावं. (एमआर असं वेगळं बटन असेल तर ते.) पडद्यावर येतील ७३,९११ रुपये.

अनेक मोबाईलमध्ये ही बटनं दिसत नाहीत. तिथं एकेक ओळ काढून कागदावर लिहावी आणि शेवटी बेरीज-वजाबाकी करावी.

आणखी चार गोष्टी लक्षात असाव्यात:

- सीई दाबलं की शेवटचा टाकलेला आकडाच पुसतो, एसी दाबलं की चालू हिशोब सगळा जातो. एखाद्या मशीनवर दोन्ही कामं एकाच बटनावर असतात.
- टक्क्याचं बटन प्रत्येक मशीनवर वेगळं वागतं. ५,००० चे २ टक्के काढायला ५००० × २ ÷ १०० करावं. ही रीत कुठंच चुकत नाही.
- दुकानातल्या मोठ्या कॅल्क्युलेटरला वर सरकती कळ असते. ती शून्यावर असली तर पडद्यावर टिंबानंतरचं काही दिसत नाही, २.९६ चे सरळ ३ दिसतात. ती इंग्रजी "ए" वर असली तर बेरीज-वजाबाकीत मशीन स्वतःच दोन घरं सोडून टिंब देते. १२५० + ३७५ चं उत्तर १६.२५ दिसलं तर मशीन बिघडली नाही, कळ बघावी. इंग्रजी "एफ" वर ठेवली की टिंब जिथल्या तिथं राहतं.
- बऱ्याच मशीनवर स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर असतो. १२३,४५६ म्हणजे १ लाख २३ हजार ४५६.

हे आकडे फोनमध्ये जपून ठेवा

- १ क्विंटल = १०० किलो, १ टन = १० क्विंटल
- १ हेक्टर = १०० आर = २.४७१ एकर
- १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौरस फूट = ०.४०४७ हेक्टर
- १ फूट = ३०.४८ सेंटिमीटर, १ इंच = २५.४ मिलिमीटर
- १ घनफूट = २८.३२ लिटर, १ घनमीटर = १,००० लिटर
- १ लिटर = १,००० मिली, १ मिली = १ सीसी
- १ एचपी = ७४६ वॅट

पाण्याची टाकी १० फूट लांब, ८ फूट रुंद, ५ फूट खोल असेल तर १० × ८ × ५ = ४०० घनफूट. त्याला २८.३२ नं गुणलं की ११,३२८ लिटर. दुकानदार ७५ मिलिमीटरचा पाइप म्हणाला तर ७५ ÷ २५.४ = २.९५, म्हणजे जवळपास तीन इंच.

गुणायचं की भागायचं हा गोंधळ झाला तर एवढंच आठवायचं: मोठ्या मापाचं लहान माप करताना गुणाकार, लहानाचं मोठं करताना भागाकार. किलोचा आकडा क्विंटलपेक्षा मोठाच यायला पाहिजे, एकराचा आकडा हेक्टरपेक्षा मोठाच. उलट आलं तर बटन चुकलं.

आधी तोंडी अंदाज, मग बटन

देशात १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजनं यायला लागली. शेर, मण गेले. १०० च्या पटीतली मापं आल्यानं हिशोब सोपा झाला. पण एकर-गुंठा, फूट-इंच आणि तास-मिनिट १०० च्या पटीत नाहीत, आणि टिंबाचा घोळ तिथंच जास्त होतो.

म्हणून बटन दाबायच्या आधी मनात ढोबळ आकडा काढायची सवय ठेवावी. साडेतेरा क्विंटल माल, भाव चार हजारांच्या वर. तेरा चोक बावन्न, म्हणजे बावन्न हजारांच्या खाली रक्कम येऊच शकत नाही. पट्टीवर ५५ हजार दिसले तरी थांबून विचारता येतं, कारण साडेतीनशेचे वरचे पैसे अजून धरायचेच आहेत.

पट्टी हातात आली की तीन गोष्टी बघाव्यात: वजन किलोत किती, भाव किती, कपात कशाकशाची. तिथंच उभं राहून फोनवर एकदा हिशोब मांडावा आणि पट्टीचा फोटो काढून ठेवावा. आकडा जुळला नाही तर सही करायच्या आधी विचारावं. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही. दिवाणजीचं बोटही घाईत चुकू शकतं, आणि सही झाल्यावर तीच चूक निस्तरायला परत यार्डात चक्कर मारावी लागते.