बांधणी – लेखांक ९ : हातमोज्याची नाडी बांधायची कोणी?

मागच्या आठवड्यात आपण बुटाच्या लेसचं टोक पाहिलं. लेस कापली की तिची वीण सुटायला लागते. ती सुटू नये आणि लेस भोकातून सरळ आत जावी, म्हणून टोकाला प्लास्टिकची टोपी बसवतात. कारखान्यातलं यंत्र अखंड लेसवर ठरावीक अंतरावर अ‍ॅसिटेटची पातळ पट्टी गुंडाळतं, उष्णतेने किंवा अ‍ॅसिटोनने ती पक्की करतं आणि बरोबर मधोमध कापतं. एका कापात एका लेसचा शेवट आणि दुसरीची सुरुवात तयार होते.

आता हातमोज्याची नाडी घेऊ. दिसायला ती लेसच, पण तिच्यापुढचा पेच वेगळा आहे. बूट बांधताना दोन्ही हात मोकळे असतात. परकराची नाडी असो की सॅकचा बंद, तिथेही तसंच. हातमोज्यात मात्र एक हात आत अडकलेला असतो, म्हणजे गाठ एकाच हाताने मारायची. तीही जमली असं धरू. दुसऱ्या हाताचा मोजा बांधायचा, तेव्हा बांधणारा हातच मोज्यात गेलेला असतो. मग नाडी बांधायची कोणी? गेल्या शंभर-दीडशे वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरं निघाली, ती सगळी नाडीच्या टोकाशी वाचता येतात.

गोंडा

पहिलं उत्तर आपल्या घरातलंच आहे : दुसऱ्याने बांधायची. बाळंतविड्यातले लोकरीचे हातमोजे आठवा. अंगठा नाही, बोटं नाहीत, नुसती पिशवी. मनगटापाशी विणताना जाळीची एक ओळ सोडलेली असते. तिच्यातून क्रोशाची साखळी ओवतात आणि साखळीच्या दोन्ही टोकांना गोंडे लावतात.

इथे कामाचा क्रम महत्त्वाचा. साखळी आधी ओवायची, गोंडे नंतर. लोकर दोन बोटांवर गुंडाळायची, मधोमध आवळून बांधायची, दोन्ही बाजूंचे वेढे कात्रीने कापायचे आणि झिपऱ्या छाटून गोल करायच्या. आवळलेल्या दोऱ्याची टोकं मुद्दाम लांब ठेवलेली असतात. त्यांनीच गोंडा साखळीला जोडला जातो. क्रम उलटा केला तर गोंडा जाळीच्या भोकातून जाणारच नाही. न जाणं हेच तर त्याचं काम! बाळ हात झाडतं, मूठ तोंडात घालतं, नाडी ओढतं. टोक बारीक असतं तर साखळी दोन दिवसांत जाळीतून निसटून पाळण्याखाली सापडली असती.

म्हणजे नाडीच्या टोकाला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. ओवताना ते बारीक आणि ताठ हवं, ओवून झाल्यावर जाडजूड हवं. लेसची टोपी पहिलं काम करते, गोंडा दुसरं. कुंचीच्या बंदांना मणी लावतात किंवा चड्डीच्या नाडीला नेफ्यात जाऊ नये म्हणून गाठ मारतात, तेही दुसरंच काम.

बाळाच्या मोज्याबाबत एक सूचना इथेच देतो. घालण्यापूर्वी मोजा उलटा करून आतले सुटे धागे कापून टाका. सुटा धागा चिमुकल्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि मोज्याच्या आत असल्याने तो दिसत नाही. बाळ कारणाशिवाय रडत राहिलं तर मोजे काढून बोटं पाहावीत. गोंडाही ओढून बघावा. सैल गोंडा बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

टोपी आणि टेप

बॉक्सिंगच्या रिंगणातही उत्तर तेच आहे : दुसऱ्याने बांधायची. पुण्याला या खेळाची ओळख नवी नाही. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये भारताकडून फ्लायवेट गटात उतरलेले मनोज पिंगळे पुण्याचे. लष्कराची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ साली पुण्यातच सुरू झाली आणि तिथे शिकवल्या जाणाऱ्या खेळांत बॉक्सिंग आहे. २००८च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात झाल्या, त्यांतही बॉक्सिंग होतं.

बॉक्सिंगच्या ग्लोव्हजचे दोन प्रकार, लेसचे आणि वेलक्रोचे. हौशी लढतींत वजन साधारण १० किंवा १२ औंस, म्हणजे २८३ किंवा ३४० ग्रॅम. व्यावसायिक लढतीत आजही लेसचेच ग्लोव्हज चालतात, कारण मनगटाला लेस देते तशी सारखी आणि सलग पकड वेलक्रोची पट्टी देत नाही. लेस तळहाताच्या बाजूने, मनगटापासून वर भोकाभोकातून ओढत आणतात. बॉक्सर दोन्ही हात पुढे करून बसलेला असतो आणि त्याचा सहायक प्रत्येक टप्प्यावर लेस ताणत बांधत जातो. दोन्ही ग्लोव्हज चढले की बॉक्सरला स्वतःहून पाण्याची बाटलीही उघडता येत नाही.

आता टोकाकडे या. लेसची कडक टोपी ओवताना सोयीची असते, पण लढतीत तीच घातक ठरते. सुटलेलं टोक डोळ्याला लागलं तर बुबुळ खरचटू शकतं. नुसती लेससुद्धा कमी नाही. प्रतिस्पर्ध्याला मिठी मारल्यावर ग्लोव्हजची लेस त्याच्या चेहऱ्यावर, भुवईवरच्या जखमेवर घासायची, ही जुन्या बॉक्सरांची कुप्रसिद्ध युक्ती होती. नियमांत तो फाउल आहे. म्हणून गाठ मारली की टोकं आत खोचतात आणि मनगटाभोवती चिकटपट्टी गुंडाळून सगळं झाकून टाकतात. फेरी चालू असताना टेप सुटून लोंबू लागली तर पंच लढत थांबवतो आणि बॉक्सरला त्याच्या कोपऱ्यात पाठवून ती नीट करून घेतो. गोंडा दिसावा म्हणून बाहेर असतो. इथे टोक दिसलं की काहीतरी चुकलंय असं समजायचं.

वेलक्रो

पण सहायक नसेल तर? पहाटे एकट्याने पंचिंग बॅगवर सराव करणाऱ्याने काय करायचं? इथे दुसरं उत्तर येतं : गाठच नको.

स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल १९४१ साली कुत्र्याला घेऊन फिरायला गेले होते. परतल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटलेली दिसली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा प्रत्येक काट्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं आढळलं. आपल्याकडे ओढ्याकाठच्या शंकेश्वराची बोंडं अशीच धोतराला आणि शेळीच्या केसांना चिकटतात. वर्षानुवर्षं प्रयोग करून मेस्त्राल यांनी नायलॉनची जोडपट्टी बनवली, तीच वेलक्रो. तिच्या एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला मऊ वेढे. १९५५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळालं.

या पट्टीला ओवायचं टोक नाही, गाठ नाही, आणि बंद करायला एक हात पुरतो. उघडायला तर दातही चालतात. हौशी स्पर्धांत एकामागून एक लढती असतात आणि ग्लोव्हज झटपट चढवावे-उतरवावे लागतात. तिथे वेलक्रोने लेसला मागे टाकलं. ज्यांना पकड लेसची हवी आणि सोय वेलक्रोची, त्यांच्यासाठी बाजारात एक जोडपट्टा मिळतो. लेस एकदाच बेताची सैल बांधून ठेवायची, टोकं आत खोचायची आणि वरून हा रुंद पट्टा मनगटाभोवती ओढून चिकटवायचा. ग्लोव्ह चढवण्यापुरती ढील लेसमध्ये राहते, आवळण्याचं काम पट्टा करतो.

वेलक्रोचा दोषही लक्षात ठेवायला हवा. आकड्यांत लोकर, केस, धूळ अडकली की पकड ढिली पडते. जुना टूथब्रश किंवा बारीक फणी फिरवली की ती बरीचशी परत येते. धुताना पट्टी बंद करूनच धुवावी.

स्टॉपर

तिसरं उत्तर डोंगरातलं. तिथे सहायक नाही आणि बर्फ भरला की वेलक्रोवर भरवसा नाही. पुण्यातल्या गिर्यारोहकांना हे सांगायला नको. १९८२ साली स्थापन झालेल्या 'गिरिप्रेमी'ने २०१२ मध्ये एव्हरेस्ट, २०१९ मध्ये कांचनजुंगा आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा या शिखरांवर मोहिमा यशस्वी केल्या.

याच अन्नपूर्णेवर ३ जून १९५० रोजी फ्रान्सचे मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल पोहोचले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर माणसाने पाय ठेवण्याची ती पहिलीच वेळ. उतरताना एर्झोगनी सॅक उघडण्यासाठी हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमधले जादा पायमोजे हातात घालता येतील, हे त्या अवस्थेत त्यांना सुचलं नाही. हिमदंशाने त्यांची हातापायांची बोटं गेली.

अशा उंचीवर हातमोजे थरांचे असतात. आत पातळ ग्लोव्हज, वर बोटं वेगळी नसलेलं जाड मिटन. मिटनला मनगटात अडकवायचा दोरीचा फास असतो, त्याला लीश म्हणतात. मिटन काढलं तरी ते हाताला लोंबत राहतं. मिटनच्या तोंडाशी बर्फ आत जाऊ नये म्हणून इलॅस्टिकची दोरी असते आणि तिच्यावर बसतो स्टॉपर.

सॅकच्या किंवा विंडचीटरच्या दोरीवरचा स्टॉपर हातात घेऊन पाहा. बाहेर प्लास्टिकचं नळकांडं, आत दट्ट्या आणि दट्ट्याखाली बारीक स्प्रिंग. नळकांड्याला आणि दट्ट्याला आरपार भोकं आहेत. दाबलं की दोन्ही भोकं एका रेषेत येतात आणि दोरी मोकळी सरकते. सोडलं की स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते, भोकं एकमेकांपासून सरकतात आणि दोरी त्यांच्यामध्ये वाकडी होऊन चिमटली जाते. हे करायला चिमटीसुद्धा लागत नाही. जाड मोजा घातलेला हात, छाती, दात, काहीही चालतं.

पण स्टॉपर दोरीवरून निसटला तर? म्हणून त्याच्या पलीकडे, दोरीच्या अगदी टोकाला, आणखी एक चिमुकला तुकडा असतो. ही प्लास्टिकची दोन पाकळ्यांची टोपी. दोरीला गाठ मारायची, गाठ एका पाकळीत बसवायची आणि दुसरी पाकळी टचकन मिटायची. आतली गाठ ओढ सोसते, बाहेरची टोपी धागे सुटू देत नाही आणि बोटांना धरायला जागा देते. बहुतेकांना ही टोपी शोभेची वाटते, पण ती गेली की पाठोपाठ स्टॉपर जातो.

अडकणाऱ्या टोकाचा धोका

जे टोक भोकातून निसटत नाही, ते फटीतूनही निसटत नाही. लहान मुलांच्या जाकिटांच्या दोऱ्या घसरगुंडीच्या सांध्यात आणि बसच्या दारात अडकून मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला ओढायची दोरी नको. कमरेची दोरी तीन इंचांहून जास्त बाहेर लोंबायला नको आणि तिच्या टोकाला गाठ किंवा टॉगल (स्टॉपरसारखा तुकडा) अजिबात नको. दोरी मध्यभागी कपड्याला शिवून टाकावी, म्हणजे टोकाला काहीही न लावता ती आतच राहते. दोन्ही हातमोजे एका लांब दोरीने जोडून बाहीतून नेण्याची पद्धत आहे, तिच्याबाबतही हाच विचार करावा. मूल झोक्यावर किंवा घसरगुंडीवर जाणार असेल तर दोरी काढून ठेवावी.

घरच्या घरी

टोपी गेली म्हणून लेस फेकण्याचं कारण नाही. आधी धागा ओळखा. पॉलिएस्टर किंवा नायलॉन असेल तर टोक ज्योतीजवळ क्षणभर धरलं की वितळून एकजीव होतं. सुती लेस वितळत नाही, जळून काळी पडते. तिला ज्योत दाखवू नये. टोकावर शिवणदोऱ्याचे दहा-बारा घट्ट वेढे देऊन वर नेलपॉलिशचा हात मारावा.

सर्वांत टिकाऊ उपाय पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतो. विजेच्या वायरी जोडताना वापरतात ती हीट श्रिंक स्लीव्ह मागायची. लेस जेमतेम आत जाईल अशा मापाची घ्यायची, दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून टोकावर चढवायचा आणि दुरून उष्णता द्यायची. साधारण निम्म्या व्यासापर्यंत आकसून ती लेसला घट्ट धरते. बॉक्सिंगच्या ग्लोव्हजना मात्र ही कडक टोपी लावलीत तर वरून टेप मारायला विसरू नका.

नवा हातमोजा घेताना दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच : हा एकट्याने घालायचा आहे की कोणी घालून देणार आहे? घालून देणारं माणूस असेल तर लेस आणि गोंडा यांच्याइतकी चांगली पकड दुसरी नाही. एकट्याचं काम असेल तर वेलक्रो किंवा स्टॉपर घ्या, आणि दुकानातच एक मोजा चढवून त्याच हाताने दुसरा बंद करून पाहा. तिथे जमलं नाही, तर थंडीत किंवा घाईत मुळीच जमणार नाही.

(पुढील लेखांक : भोकाच्या कडेचं धातूचं कडं, म्हणजे आयलेट)