प्रवाहाचा वर्ग

मोठ्या वीज-उपकेंद्रात, तारा आणि मनोरे यांच्या गर्दीमागे असलेल्या एखाद्या बैठ्या खोलीत, शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांचे 55 सेल ओळीने मांडलेले असतात; आणि वाहिनीवर दोष उद्भवून बाहेरची वीज नाहीशी झाली, तरी ब्रेकर उघडण्याचा हुकूम बजावण्यास लागणारी शक्ती या 110 व्होल्टच्या बॅटरीतूनच येत असल्यामुळे, तिला अहोरात्र भरलेली राखणाऱ्या चार्जरच्या रचनेत हयगय झाली, तर तिची किंमत सबंध मुलखाला मोजावी लागते.

भ्रमणध्वनीचा चार्जर सुमारे 2 अँपिअर देतो, हा 200 देतो, तेव्हा हा त्याचाच शंभरपट थोरला भाऊ, असे कोणास वाटेल. परंतु वाहकात उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या जोडणीत एक सहस्रांश ओहम एवढाच रोध राहिला, तर 2 अँपिअरला तेथे 4 मिलिवॉट उष्णता होते, जी बोटालाही जाणवणार नाही. तीच जोडणी 200 अँपिअरला 40 वॉट उष्णता ओकते, आणि शंभरपट प्रवाहाने दहा हजारपट ताप वाढविलेला असतो. या चार्जरचा सारा आराखडा हा मुळात या तापाचा बंदोबस्त होय.

हिशेबाचा आरंभ बॅटरीपासून करावा लागतो. भरलेली बॅटरी नुसती राखावयाची, तर प्रत्येक सेलला सुमारे 2.25 व्होल्ट, म्हणजे एकूण 124 पुरतात. रिकामी झालेली पुन्हा पुरी भरावयाची, तर सेलमागे 2.7 व्होल्टपर्यंत, म्हणजे 148 च्याही किंचित वर चढावे लागते. (एवढा दाब ब्रेकरला हुकूम देणाऱ्या रिलेंना मानवत नाही, म्हणून त्या वेळी त्यांना वेगळ्या वाटेने वीज देण्याची तजवीज असते.) तीन फेजच्या 415 व्होल्टचे रोहित्राने लहान दाबात रूपांतर केल्यावर, सहा थायरिस्टरांच्या पुलातून त्याच्या 1.35 पट एकदिश दाब मिळतो. वाटेतली घट आणि पुरवठ्यात येणारी दहा टक्क्यांची तूट जमेस धरली, म्हणजे रोहित्राची दुय्यम बाजू सुमारे 130 व्होल्टची मुक्रर करावी लागते.

यातून सर्वसाधारण स्थितीत 175 व्होल्ट निघू शकतात आणि हवे असतात 124. येथे थायरिस्टरचा गुण उपयोगी पडतो: संकेत मिळेपर्यंत तो वाट अडवून धरतो, आणि तो संकेत प्रत्येक लहरीत सुमारे 45 अंशांनी उशिरा दिला, की दाब हवा तेथे येऊन ठेपतो. मात्र लहरींचे असे लचके तोडून मिळालेला प्रवाह संथ नसतो. सेकंदाला 300 आंदोलने त्यात उरतात, आणि ती बॅटरीत शिरली तर तिला भरण्याऐवजी तापवितात. म्हणून मार्गात चोक घालावा लागतो, ज्याच्या लोहगाभ्यात मुद्दाम हवेची फट ठेवलेली असते, कारण ती नसती तर 200 अँपिअरच्या सततच्या प्रवाहाने तो गाभा संपृक्त होऊन चोक निकामी झाला असता.

प्रवाहाच्या वाटेत कोणत्याही क्षणी दोन थायरिस्टर असतात. प्रत्येकावर सव्वा व्होल्टच्या आसपास दाब खर्ची पडतो, तेव्हा दोहोंत मिळून 500 वॉट, म्हणजे विजेच्या साध्या इस्त्रीच्या सुमारे निम्मी उष्णता, कपाटाबाहेर घालवावी लागते. त्यासाठीच अॅल्युमिनियमच्या पंखदार हीटसिंकची योजना. थायरिस्टरांच्या संरक्षणासाठी साधा फ्यूज कुचकामी ठरतो, कारण तो वितळण्याच्या आत आतले सिलिकॉनच भस्म होऊन जाते. अर्धवाहकांसाठी बनविलेला शीघ्र फ्यूजच घेतला पाहिजे, आणि जेवढी उष्णता सोसून थायरिस्टर टिकतो, तिच्या आतच तो वितळतो की नाही, हे दोघांचे कोष्टक समोर ठेवून पडताळले पाहिजे.

एवढे सगळे नकाशावर दिसते. बोल्टने आवळलेली जोडणी मात्र तेथे केवळ एक ठिपका असते. माझ्या मते खरी दक्षता तेथेच हवी. तांबे तापून प्रसरण पावते, निवून आकुंचते, आणि या रोजच्या खेळात बोल्ट सैल होऊन तो सहस्रांश ओहम हळूहळू वाढत जातो. यास्तव ताण टिकविणारे शंकूच्या आकाराचे वॉशर, कथिलाचा मुलामा दिलेले बसबार, आणि वीज बंद करून प्रत्येक बोल्टला पाना लावता येईल एवढी मोकळी जागा, या तिन्ही गोष्टींची तरतूद आराखड्यातच झालेली असावी लागते.